ओळखीचा हात

मोडी कागद समोर आला की मी आधी मजकूर वाचत नाही, आकडे बघते. साल, तारीख, रक्कम, जमिनीचं माप. पाचाची शेपटी कुठवर ओढली आहे, चाराची गाठ नीट बसवली आहे की नुसती वळवून सोडून दिली आहे, नवाचं डोकं केवढं आहे. ही सवय मला मोडी शिकवणाऱ्या सरांनी लावली. ते म्हणायचे, "अक्षर माणूस सांभाळून काढतो. आकडा नुसता टाकून मोकळा होतो. हात ओळखायचा असेल तर आकड्यात बघ." मी तेव्हा विशीत होते. वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्या वहीबरोबरच ते मागे पडलं. पुन्हा आठवलं ते बार्तोलोमेओ सानव्हितो या माणसामुळे. हा इटलीतल्या पादुआचा लेखनिक, आणि त्याला जाऊन आता पाचशेहून अधिक वर्षं झाली.

त्याच्यापर्यंत मी पोचले ती वाट आडवळणाची होती. लिप्यंतर टाइप करताना मूळ कागदात नसलेले, अर्थ लागावा म्हणून मी घातलेले शब्द तिरपे करते. त्यासाठी इटॅलिकची कळ दाबायची. दिवसातून कितीदा दाबत असेन! एकदा पावसाळ्यात काम थंडावलेलं असताना मनात आलं, हा तिरपेपणा आला कुठून? आपल्या देवनागरीत अशी काही रीत नाही. संगणक आपलं अक्षर नुसतं ढकलल्यासारखं कलतं करतो. पण ज्यांच्याकडून हे आलं त्यांच्याकडे या कलत्या अक्षराचा जन्म कसा झाला असेल? शोधत गेले आणि १५०१ सालच्या व्हेनिसला जाऊन पोचले.

त्या साली आल्दो मानुत्सिओ या मुद्रकानं रोमन कवी व्हर्जिलची काव्यं छापली. पुस्तक लहान, हातात मावेल असं, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कलत्या खिळ्यांत. ते खिळे फ्रांचेस्को ग्रिफ्फो या बोलोन्याच्या कारागिरानं कोरले होते. एखादा शब्द ठसवण्यासाठी तिरपा करण्याची कल्पना तेव्हा नव्हती. शिकलीसवरलेली माणसं त्या काळी तसंच लिहायची, म्हणून छपाईही तशी केली. ग्रिफ्फोनं नेमकं कोणाचं अक्षर समोर ठेवलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ज्यांची नावं घेतली जातात त्यांत सानव्हितो आहेच. शिवाय आल्दोनं स्वतः १५१४ मध्ये लिहून ठेवलं आहे की छोट्या आकाराची कल्पना त्याला व्हेनिसचा लेखक पिएत्रो बेम्बो याच्या घरच्या ग्रंथसंग्रहावरून सुचली. पिएत्रोचे वडील बेर्नार्दो बेम्बो हे सानव्हितोचे स्नेही. त्यांच्यासाठी त्यानं पुस्तकं लिहिली होती. एवढा धागा मला पुरेसा होता. त्या रात्री मी पहिल्यांदा त्याचं पान पडद्यावर उघडलं.

अशी पानं कोणालाही बघता येतात. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं हजारो हस्तलिखितं इंटरनेटवर ठेवली आहेत. पुण्यात बसून, चहाचा कप बाजूला सारून, चर्मपत्रावरची केसांची छिद्रंसुद्धा दिसतील इतकं पान मोठं करता येतं.

मी आधी शीर्षकं पाहिली. रोममधल्या जुन्या शिलालेखांवर असतात तशी मोठी अक्षरं, आणि त्यांचे रंग बदलत जाणारे. सोनेरी, मग निळं, मग तांबडं, हिरवं, जांभळं, पुन्हा सोनेरी. हे रंगीत शीर्षक म्हणजे सानव्हितोची जवळजवळ खूणच. त्याखाली मजकूर मात्र शांत. बारीक, किंचित कललेला, एका लयीत चाललेला. दोन ओळींमध्ये मोकळी हवा आहे. आपण ज्याला मोत्यासारखं अक्षर म्हणतो, तसं.

आता अडचण अशी, की मोत्यासारखं अक्षर ओळखायला सगळ्यांत अवघड.

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक समास लिहिला आहे. एकोणिसाव्या दशकातला पहिला. त्यात त्यांची लेखनिकाकडून अपेक्षा अशी, की पहिलं अक्षर काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत निघावं, सगळं एकाच टाकानं लिहिलं असं वाटावं. पादुआचा, फ्लोरेन्सचा, रोमचा लेखनिकही हेच साधायचा प्रयत्न करत होता. पान पाहून लिहिणाऱ्याचा दिवस कसा गेला, त्याला ताप होता का, थंडीनं बोटं आखडली होती का, हे कळता कामा नये. तेव्हा ज्यानं वर्षानुवर्षं घोटून घोटून स्वतःला पुसून टाकलं, त्याला ओळखायचं कसं? त्यात एका गुरूच्या हाताखाली पाच जण शिकलेले असले, तर पाचांचंही वळण एकच.

'वळण' हा आपला शब्द मला या कामात फार मोलाचा वाटतो. अक्षराचं वळण आणि मुलाला लावलेलं वळण, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. पाश्चात्त्य अभ्यासक अक्षराकडे बघताना हेच शोधतात: रेघा किती, कोणती आधी, कोणती नंतर, लेखणी कुठे उचलली, कुठे न उचलता फिरवली. नुसता आकार पाहून भागत नाही. दोन माणसांचा 'ग' अगदी एकसारखा दिसेल, पण एकानं तो वरून सुरू केलेला असतो आणि दुसऱ्यानं मधून. पिसाची लेखणी तिरकी कापलेली असते, त्यामुळे ती एका दिशेला जाड चालते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. जाड-बारीक कुठे बदलतं ते पाहिलं की हाताचा प्रवास उलगडतो.

मग येतात त्या सवयी, ज्यांच्याकडे लिहिणाऱ्याचंही लक्ष नसतं. 'आणि' या अर्थाची जोडखूण तो कशी काढतो. शब्द आखूड करताना कोणत्या शब्दावर आडवी रेघ देतो. ओळीच्या शेवटी जागा उरली तर मोकळी सोडतो, की शेवटचं अक्षर ताणतो, की एखादा निरर्थक ठिपका टाकून समास सरळ करतो. पानाची आखणी टोकदार वस्तूनं दाबून केली आहे की शाईनं. चर्मपत्राचे पाच ताव एकात एक घालून जुडी केली आहे की चारांची. जुडीच्या शेवटच्या पानाखाली पुढच्या जुडीचा पहिला शब्द लिहून ठेवायची रीत होती, बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून. तो शब्द आडवा लिहिला आहे की समासाच्या रेघेला धरून उभा? पुस्तकाच्या मालकाची नजर त्या शब्दावर कधी जात नसे. लेखनिक तो घाईनं टाकायचा. सरांचा आकडा म्हणजे हाच.

सानव्हितोचा जन्म १४३०च्या दशकातला. उमेदीची बरीच वर्षं तो रोममध्ये होता, कार्डिनल फ्रांचेस्को गोन्झागाच्या पदरी. म्हातारपणी तो पादुआला परतला आणि १५११ मध्ये वारला. हयातीत त्याला नाव होतं, पण नंतर ते पार पुसलं गेलं. लोक त्याची पुस्तकं जपत राहिले, सोनेरी-निळ्या शीर्षकांचं कौतुक करत राहिले, पण ती कोणी लिहिली हे हळूहळू कोणालाच ठाऊक उरलं नाही. त्याला परत आणलं ते एका रोजनिशीनं. १५०५ ते १५११ या वर्षांतली, रोजच्या व्यवहाराच्या नोंदींची ही वही. १९०७ साली सिल्व्हिओ दे कुनेर्त यांनी पादुआत तिच्यावर लेख छापला. त्या लेखाचं शीर्षक मला फार हलवून गेलं, कारण त्यात सानव्हितोचा उल्लेख होता 'एक अज्ञात पादुआकर' असा. आज ज्याचं अक्षर युरोपातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत काचेखाली ठेवलेलं असतं, तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःच्या गावात अज्ञात होता.

त्याच लेखात दोन चित्रित हस्तलिखितांचीही दखल होती. मोन्सेलिचे गावातल्या सांता जुस्तिना या चर्चला सानव्हितोनं १५०९ साली दिलेले हे दोन ग्रंथ, उपासनेच्या वेळी वाचायचे. ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहिले होते. आता या तीन वस्तू शेजारी मांडून बघा. एकीकडे घाईत लिहिलेली खाजगी वही, दुसरीकडे देवाला अर्पण केलेलं, श्वास रोखून लिहिलेलं अक्षर. दोन्हींवर एकच नाव. या दोन टोकांच्या मधे एका माणसाचा हात पक्का सापडतो, आणि तो एकदा पक्का झाला की बिननावाच्या पुस्तकांकडे वळता येतं.

ते काम मनापासून हाती घेतलं लंडनच्या जेम्स वॉर्ड्रॉप यांनी. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या ग्रंथालयात ते होते. पंधराव्या शतकातल्या सुंदर इटालियन अक्षरांवर त्यांचा जीव होता. १९५७ मध्ये ते गेले, आणि त्यांची या विषयावरची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली ती १९६३ मध्ये, त्यांच्या मागे. मग अल्बिनिया डे ला मेअर यांनी तो धागा उचलला. त्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होत्या, नंतर लंडनला या विषयाच्या प्राध्यापक झाल्या. २००१ साली त्याही गेल्या. सानव्हितोवरचा मोठा ग्रंथ लॉरा नुव्होलोनी यांनी पुरा केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सव्वाशेच्या आसपास हस्तलिखितं त्याच्या हाताशी जोडलेली आहेत. काही त्यानं पूर्ण लिहिलेली, काहींत त्याची फक्त शीर्षकं किंवा समासातल्या टिपा.

या शेवटच्या तपशिलापाशी मी बराच वेळ थांबले. कारण तिथेच फसगत होते. शीर्षक सानव्हितोचं असलं की सगळं पुस्तक त्याचं, असं डोळा पटकन ठरवून टाकतो. पण दुसऱ्यानं लिहिलेल्या पुस्तकाला रंगीत शीर्षकं देण्याचं कामही तो करत असे. व्हॅटिकनमधलं इलियडचं एक भव्य हस्तलिखित आहे, कार्डिनल गोन्झागासाठी केलेलं. ग्रीक मजकूर क्रीट बेटाच्या योआन्निस रोसोसच्या हातचा, १४७७ सालचा, आणि त्याच्या शेजारचा लॅटिन अनुवाद सानव्हितोच्या हातचा. एका पानावर दोन भाषा, दोन लिप्या, दोन माणसं.

आणखी एक गाठ आहे. सानव्हितो दोन तऱ्हांनी लिहायचा. एक कलतं, जलद अक्षर, आणि दुसरं उभं, गोल, औपचारिक. दोन्ही शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला ती दोन वेगळ्या लेखनिकांची वाटतील. आपल्याकडे हे नवं नाही. एकच कारकून कीर्द मोडीत लिहायचा आणि पोथी बाळबोधेत. मोडीत त्याचा हात धावतो, बाळबोधेत मांडी घालून बसतो. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे कशावरून ठरवायचं? आकडे. दोन्ही लिप्यांत ते जवळजवळ तसेच असतात. सर हे का सांगत होते, हे मला नीट कळलं ते इतक्या वर्षांनी, एका इटालियन माणसाची दोन अक्षरं बघताना.

डे ला मेअर यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. फ्लोरेन्समध्ये वेस्पासिआनो दा बिस्तिच्ची नावाचा पुस्तकविक्या होता. छपाई इटलीत पोचण्याआधीच्या काळातला, आणि छपाई आल्यावरही हस्तलिखितांवरच निष्ठा ठेवणारा. फ्लोरेन्सचा सर्वेसर्वा सावकार कोझिमो दे मेदिची याला एका मठासाठी ग्रंथालय हवं होतं, तेव्हा आपण ४५ लेखनिक बसवून २२ महिन्यांत २०० ग्रंथ पुरे केले, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हे वाचून सगळे त्या वेगाचं कौतुक करतात. डे ला मेअर यांनी विचारलं, ते लिहिणारे कोण होते? आणि एकेका हाताचा माग काढत त्या हिंडल्या. १४२७ मध्ये फ्लोरेन्सनं नवा कर बसवला तेव्हा प्रत्येक कुटुंबप्रमुखाला आपली मालमत्ता, कर्ज, खाणारी तोंडं यांचं विवरण लेखी द्यावं लागलं. पुढच्या फेऱ्यांतही तसंच. पुष्कळांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं. या करविवरणांचे गठ्ठे तिथल्या दप्तरखान्यात आजही आहेत. एका बाजूला रोमन लेखक सिसेरोची बिननावाची, नितळ प्रत, आणि दुसऱ्या बाजूला 'माझ्यावर अमुक एवढी पोरंबाळं आहेत' असं सांगणारा गांजलेला कागद. हात एकच. हस्तलिखिताच्या लेखनिकाला त्यामुळे नाव मिळालं, गल्ली मिळाली, घरातली माणसं मिळाली. मी रोज ज्या कागदांत डोकं घालते ते याच जातीचे, म्हणून मला हे वाचताना परकं असं काही वाटलंच नाही.

काहींनी मात्र नाव आपणहून लिहिलं. पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानानं सिसेरोची पत्रं नकलून काढली आणि शेवटी लिहिलं, हा ग्रंथ पोज्जोनं ख्रिस्तजन्मानंतर १४०८ साली लिहिला. ती प्रत आता बर्लिनमध्ये आहे. पुढे याच पोज्जोला १४१७ मध्ये जर्मनीकडच्या एका मठात लुक्रेशियस या रोमन कवीचं काव्य सापडलं. शतकानुशतकं कोणी न वाचलेलं. त्यानं त्याची नक्कल करवून घेतली आणि फ्लोरेन्सला मित्राकडे, निक्कोलो निक्कोलीकडे पाठवली. निक्कोलीनं ती स्वतःसाठी उतरवून घेतली आणि मूळ नक्कल परत देण्याचं मनावर घेतलं नाही. बारा वर्षं झाली तुझ्याकडे आहे, आता दे, अशी पोज्जोची पत्रं आहेत. पुढे पोज्जोला सापडलेलं हस्तलिखितही गेलं आणि त्याची नक्कलही गेली. उरलं ते निक्कोलीनं उतरवून घेतलेलं, फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात. निक्कोली सही करणाऱ्यांतला नव्हता. त्याचं अक्षर ओळखता आलं म्हणून इटलीतल्या लुक्रेशियसच्या प्रतींची वंशावळ लावता आली. आणि त्याचं ते अक्षर कसलं, तर भरभर लिहिलेलं, जोडत जोडत जाणारं, उजवीकडे कललेलं. मी रोज जी कळ दाबते तिची मुळं तिथवर जातात.

पण या सगळ्यांत मला रात्रभर जागं ठेवलं ते एका जागेनं, जिथे हात बदलतो.

चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेट्रार्क याला आपल्या इटालियन कवितांची शेवटची, स्वच्छ प्रत करून हवी होती. त्यानं जोव्हान्नी माल्पागिनी या तरुणाला बसवलं. पोराचं अक्षर पेट्रार्कला मनापासून आवडायचं. त्या काळचे इतर लेखनिक लिहितात ते वाचण्यासाठी नसतंच मुळी, अशी त्याची तक्रार होती, आणि याचं मात्र स्वच्छ, साधं, डोळ्यांना शीण न देणारं. आपला लेखकमित्र बोकाच्चो याला १३६६ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यानं ही तारीफ केली आहे. दुसऱ्याच वर्षी पोराचं मन उडालं. मला आता लिहायचं नाही, म्हणाला. पेट्रार्कनं समजावलं, तो थांबला नाही. निघून गेला. कविता अर्ध्यातच होत्या. साठी ओलांडलेला पेट्रार्क स्वतः लेखणी घेऊन बसला आणि मरेपर्यंत, म्हणजे १३७४ पर्यंत, ती प्रत लिहीत, खोडत, भरत राहिला.

ती प्रत पुढे पिएत्रो बेम्बोकडे आली, मग व्हॅटिकनमध्ये गेली आणि तिथल्या शेकडो जुन्या पुस्तकांतली एक होऊन राहिली. १८८६ मध्ये पिएर द नोलाक या फ्रेंच अभ्यासकानं दाखवून दिलं, की हिच्यात खुद्द पेट्रार्कचा हात आहे. त्या दिवसापासून ते पुस्तक इटालियन भाषेच्या सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी एक मानलं जातं. त्यात शाई तीच राहिली, चर्मपत्रही तेच. ओळखता येण्याआधी आणि ओळखता आल्यावर त्यात काडीचा फरक पडला नव्हता, तरी सगळं बदललं.

मी ती पानं पाहिली. माल्पागिनीच्या पानांत सगळं जागच्या जागी आहे. पेट्रार्कची पानं सुरू होतात तेव्हा आधी कळतच नाही, कारण तोही त्याच आखणीत, तसंच लिहायचा प्रयत्न करतो आहे. मग हळूहळू अक्षर दाटतं, ओळी थोड्या सैलावतात, शाईचे रंग बदलतात. तो एका बैठकीत लिहीत नव्हता. आज दोन कविता, सहा महिन्यांनी चार. ज्या मुलानं मधेच सोडून दिलं, त्याचंच वळण डोळ्यांपुढे ठेवून म्हातारा कवी लिहीत राहिला.

आता सानव्हितोचा कंप. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याचा हात थरथरायला लागला होता. कदाचित सांध्यांचं दुखणं असेल, असं अभ्यासकांना वाटतं. त्याच्या उतारवयातलं एखादं पान मोठं करून बघा. आखूड अक्षरांत फारसं जाणवत नाही. पण उंच, उभी रेघ जिथे येते, तिथे ती खाली उतरताना बारीकशी लहरते, पाण्यात बोट बुडवून काढल्यावर पाण्याची कड हलते तशी. पुढच्याच अक्षराला तो सावरतो. पुन्हा उभी रेघ आली की पुन्हा लहर. एका अख्ख्या ओळीत मी अशा पाच रेघा मोजल्या.

अभ्यासकांना या कंपानं मोठी मदत केली. त्याच्या पुष्कळ पुस्तकांवर साल नाही. हात स्थिर असेल तर आधीचं, लहर दिसली तर नंतरचं, असा अंदाज तरी बांधता येतो. चाळीस-पन्नास वर्षं जो दोष लपवायचा त्यानं सराव केला, त्याच दोषानं त्याच्या पुस्तकांना क्रम दिला. मला मात्र ती रेघ बघताना अभ्यास वगैरे आठवला नाही. १५०९ साली मोन्सेलिचेच्या त्या चर्चला त्यानं ग्रंथ दिले तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं. त्याच वर्षी सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजांनी पादुआला वेढा घातला होता. बाहेर तोफा, आणि हा म्हातारा कापऱ्या हातानं शुभवर्तमानाचे पाठ लिहून ठेवणारा. युरोपातल्या जुन्या लेखनिकांची एक म्हण आहे, तीन बोटं लिहितात पण सारं अंग राबतं. आपल्या पोथ्यांच्या शेवटीही लिहिलेलं असतं, पाठ, कंबर, मान मोडून, नजर खाली खिळवून, कष्टानं हा ग्रंथ लिहिला आहे, तो जपून ठेवा. मी हा श्लोक कितीदा तरी वाचला आहे. लिप्यंतर करताना 'नेहमीचा श्लोक' म्हणून पुढेही गेले आहे.

या दिवाळीत वाईला काकांकडे गेले तेव्हा त्यांच्या देवघरातली शिवलीलामृताची हस्तलिखित पोथी मागून घेतली. ती पणजोबांनी लिहिली, हे घरात सगळ्यांना पाठ. पोथीवर नाव नाही, साल नाही. सुटी पानं, तांबड्या शाईचे समास, वर-खाली लाकडी फळ्या, लाल फडक्यात बांधलेली. काकू दर सोमवारी अकरावा अध्याय वाचतात, त्यामुळे त्या पानांच्या कडा काळपट, मऊ झाल्या आहेत. पणजोबांच्या दुकानाच्या कीर्दी माडीवर होत्या. त्या मोडीत, आणि त्यांवर त्यांचं नाव आहे.

पोथीत प्रत्येक ओवीला आकडा असतो. म्हणजे चौदा अध्यायांत मिळून दोन हजारांहून जास्त आकडे, एकही सांभाळून न काढलेला. मी खिडकीपाशी बसून, डाव्या बाजूला कीर्द आणि उजव्या बाजूला पोथी ठेवून, भिंगातून बघायला सुरुवात केली. पहिले सात अध्याय शंका घ्यायला जागाच नव्हती. पणजोबांचा पाच शेपटी डावीकडे फेकतो, कीर्दीतही आणि पोथीतही. चाराची गाठ उघडी. नऊ लहान डोक्याचा.

आठव्या अध्यायात, एका पानाच्या मध्यावर, पाच सरळ खाली उतरायला लागला.

मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. अक्षर तेच वाटत होतं. तेच गोल 'भ', तीच ठसठशीत शिरोरेघ, समास तेवढाच. ज्यानं कोणी पुढे लिहिलं, त्यानं आधीच्या पानांवरून वळण गिरवून गिरवून घेतलं होतं. नीट पाहिल्यावर वेलांटी थोडी लवकर वळलेली दिसली, आणि ओवी ओळीच्या मधेच संपली तरी जागा न सोडता पुढची सुरू केलेली. चार बंद गाठीचा, नऊ मोठ्या डोक्याचा. शेवटच्या अध्यायापर्यंत तसंच. काकू ज्या अकराव्या अध्यायाच्या कडा इतकी वर्षं बोटांनी मऊ करत आल्या, तो पणजोबांनी लिहिलेला नव्हता.

काकांना सांगावं की नाही, याचा विचार करत बसले तोवर दिवे लागले. मग सांगितलं. ते पोथीवर वाकले, मी दाखवलेले दोन पाच त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. "मग हा कोण?" एवढंच त्यांनी विचारलं.

माडीवरचे बाकीचे कागद दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून खाली आणले. पणजोबांच्या धाकट्या भावाची पत्रं, दुकानातल्या कारकुनाच्या पावत्या, लग्नातल्या आहेराची यादी, तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नाही. पत्रांतला पाच जुळत नाही. पावत्यांतलाही नाही. आहेराची यादी बाळबोधेत आहे, वाण्याकडच्या जाड कागदावर, आणि तिच्यात पाच एकदाच आला आहे, तोही घडीवर, जिथे कागद फाटला आहे. वरचा अर्धा भाग शाबूत आहे. शेपटी गेली.

त्या यादीचा फोटो मी घेऊन आले आहे. काकू म्हणाल्या, आहेराच्या याद्या आमच्याकडे नेहमी घरच्या बायकाच करायच्या.